मालनबाईंनी लिहून घेतलेला शेरा

मालनबाईंनी कुणाला माफ केलं, असं आमच्या गावात कुणाच्याच ऐकण्यात नाही. कुरुंद्याच्या बाजारात एका भाजीवालीनं त्यांना वरून ताजी आणि आतून सडकी अशी मेथीची जुडी दिली होती. पुढच्या बाजाराला बाई त्याच सडक्या काड्या पिशवीत घालून गेल्या, तिच्या पालाशेजारी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेक काडी दाखवत राहिल्या. ओरडणं नाही, भांडण नाही. "बघा, वास घेऊन बघा," एवढंच, फळ्यावरची बेरीज समजावून सांगावी तसं. दुपारी तीनपर्यंत. त्यानंतर ती भाजीवाली त्या बाजारात कुणाला दिसली नाही.

अशा बाईंबद्दल तीन वाक्यं लिहून ठेवायची हिंमत हर्णेकर साहेबांनी केली, तीही शाईनं, तीही शाळेच्या शेरेबहीत.

बाई मूळच्या कुरुंद्याच्या. त्यांचे वडील सोनाजी हंगामात हळद शिजवायच्या कढईवर असायचे, त्यामुळे बाईंच्या लहानपणच्या वह्या पिवळ्या होत्या म्हणतात. घराण्यात डी.एड. झालेलं ते पहिलं माणूस. लग्न रविंद्र काकांशी झालं. काका पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरीला, पाण्याखेरीज कशावर बोलत नाहीत, आणि पाण्यावरही कमीच. बाई पंच्याऐंशी साली आमच्या शाळेत आल्या. आमचं गाव सिद्धेश्वर धरणापासून चार कोसांवर. चार खोल्या, एक चिंच, आणि मुख्याध्यापक तातेराव गुरुजी. गुरुजींचं प्रत्येक वाक्य "म्हंजी बघा"नं सुरू व्हायचं आणि कुठंच संपायचं नाही.

त्र्याण्णव साली आम्ही चौथीत होतो. भूगोलात कोकण किनारपट्टी आली. पुस्तकातल्या नकाशात अरबी समुद्र माझ्या तळहाताएवढा होता, निळा, वर छपाईचे डाग. कुणीतरी विचारलं, बाई, समुद्र आपल्या विहिरीवाणीच खोल असतो का? बाईंनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा बत्तीस जणांना भिवाजी काकांच्या ट्रॅक्टरात घातलं आणि सिद्धेश्वरच्या भिंतीवर नेऊन उभं केलं.

"ही भिंत म्हंजी सह्याद्री समजा," बाई म्हणाल्या. "ह्या अंगाला आपण, देशावरची मानसं. त्या अंगाला खाली दगडं लावली ती चिंचोळी पट्टी, ते कोकण समजा. म्होरं पाणी हाय तो अरबी समुद्र समजा. पाण्याची जीभ जमिनीत घुसली ना, तिला खाडी म्हनायचं. आन् ते मधी काळं दिसून राहिलं, ते बेट. बेटावर किल्ला."

धम्मदीप नावाचं एक पोरगं होतं, सगळ्यात पुढं उभं राहणारं. त्यानं विचारलं, किल्ल्यात कोण राहतं?

"तू," बाई म्हणाल्या.

धम्मदीप दिवसभर किल्लेदारासारखा चालला. जाळी टाकणाऱ्या माणसांकडे बोट करून बाईंनी मासेमारी हा कोकणचा प्रमुख व्यवसायही तिथंच शिकवला. त्या दिवशी आम्हाला खाडी, बेट, बंदर सगळं कळलं. एकच शब्द आम्ही धरणावर विसरून आलो, तो म्हणजे "समजा".

डिसेंबरात वार्षिक तपासणी आली. परभणीहून उपशिक्षणाधिकारी, हर्णेकर साहेब. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, हर्णैचे. त्यांचं बोलणं नाकातून निघायचं आणि शेवटी "हो"वर येऊन टेकायचं. जीपमधून उतरल्या उतरल्याच म्हणाले, "काय तो फुफाटा हो तुमच्याकडें."

वर्गात आल्यावर त्यांनी विचारलं की महाराष्ट्राच्या पश्चिमेला काय आहे. आम्ही ओरडून अरबी समुद्र सांगितला. साहेब खूश झाले. मग त्यांनी सहज, गंमत म्हणून विचारलं, कुणीं पाह्यलाय का रे समुद्र?

बत्तीस हात वर गेले. त्यात माझाही.

"अरे वा! कुठें पाह्यलांत?"

बत्तीस गळ्यांनी एका सुरात सांगितलं, "सिद्धेश्वरला."

साहेबांच्या हातात चहा होता. तो अर्धा बशीत आणि अर्धा सदऱ्यावर गेला. त्यांचं हसणं म्हणजे आधी बराच वेळ नुसतं खांदे हलणं आणि मग एकदम शिट्टीसारखं काहीतरी. ते थांबायला आलं तेव्हा त्यांनी धम्मदीपला पुढं बोलावलं आणि नीट सांग म्हणाले. त्या बिचाऱ्याला वाटलं आपलं कौतुक होऊन राहिलं. तो म्हणाला, "साहेब, तिथं कोकण बी हाय. दगडाचं."

झालं. साहेबांनी खिडकीतून हाक मारून जीपच्या ड्रायव्हरला आत बोलावलं आणि धम्मदीपला तेच वाक्य परत म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा, हातवारे करून. ड्रायव्हर हसला, कारण साहेब हसत होते. तातेराव गुरुजी हसले, कारण दोघं हसत होते. मग ज्यांनी ज्यांनी हात वर केले त्यांनी उभं राहायचं, असा हुकूम झाला. आम्ही घंटा होईस्तोवर उभेच होतो. मारलं नाही कुणाला, एवढं खरं.

बाईंनी सांगून पाहिलं की आपण "समजा" म्हणालो होतो. साहेबांनी चष्मा पुसला.

"तुम्हीं स्वतः पाह्यलांत का हो समुद्र?"

"न्हाई," बाई म्हणाल्या.

गुरुजींनीही पाहिला नव्हता, पण ते तेव्हा छताचे पत्रे मोजत होते.

शेरेबही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची जाड वही, मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात असते. तपासणीला आलेला प्रत्येक अधिकारी तिच्यात शेरा लिहितो. साहेबांनी लिहिलं: "शिक्षिकेने अरबी समुद्र सिद्धेश्वर धरणात असल्याचे विद्यार्थ्यांना शिकविले आहे. शिक्षिकेस किनारपट्टीचे प्रत्यक्ष ज्ञान नाही. भूगोल विषय अन्य शिक्षकाकडे द्यावा." खाली सही, शिक्का, तारीख.

भूगोल तातेराव गुरुजींकडे गेला. "म्हंजी बघा, कोकण," गुरुजी आम्हाला शिकवायचे, "कोकण म्हंजी बघा... लिहून घ्या." मग आम्ही पुस्तकातलं वहीत उतरवून काढायचो.

साहेब परभणीला गेले, पण गोष्ट घेऊन गेले. जिथं बैठक तिथं ते ती सांगायचे, आवाज काढून, "दगडाचं" सकट. सहा महिन्यांत बाईंचं नाव समुद्रबाई पडलं. पगाराच्या दिवशी बाकीचे मास्तर विचारायचे, काहो, आज लाटा कशा हायत? एसटीतला कंडक्टर तिकीट फाडताना म्हणायचा, बंदरापातुर देऊ का? बाई सुटे पैसे द्यायच्या आणि त्याच्या छातीवरचा बिल्ला नंबर वाचून ठेवायच्या.

त्यात नियम असा, की पुढच्या तपासणीला येणारा अधिकारी आधी मागले सगळे शेरे वाचतो. मग मागल्या शेऱ्याची पूर्तता झाली का ते विचारतो, आणि मगच आपला शेरा लिहितो. म्हणजे दरवर्षी नवा साहेब, दरवर्षी तीच तीन वाक्यं मोठ्यानं, दरवर्षी नवं हसू. गुरुजी उठून सांगायचे, म्हंजी बघा, विषय माझ्याकडं घेतला. साहेब लिहायचे, पूर्तता झाली. बाई दाराशी उभ्या असायच्या.

पहिल्या वर्षी त्या माहेरी गेल्या तेव्हा सोनाजींनी सगळं ऐकून घेतलं. तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातं, ते म्हणाले, लिहिलेलं मात्र लिहूनच खोडावं लागतं. बाईंनी तेवढं ऐकलं आणि ठरवलं. त्याच माणसानं. त्याच वहीत. त्याच्याच हातानं.

मग त्या रत्नागिरी जिल्ह्याच्या मागं लागल्या. दर रविवारी हिंगोलीला वाचनालयात जायचं, जुनं गॅझेटियर काढायचं आणि उतरवून घ्यायचं. बंदरं, किल्ले, घाट, पाऊस, मिठागरं. दाभोळच्या बंदरात कुणाची गलबतं यायची. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी कुठल्या टेकडीवर ठेवलं. एक्क्याऐंशी साली जिल्ह्याचे दोन तुकडे कसे झाले आणि कुठली खाडी कुणाच्या वाट्याला गेली. लोक व्रत करतात तसं त्यांनी ते केलं, फक्त व्रतात कुणाचं तरी भलं चिंतायचं असतं. पुस्तकावरही त्यांचा भरवसा नव्हता. किनाऱ्यावरच्या शाळांच्या मुख्याध्यापकांना त्या जवाबी कार्डं धाडायच्या: "सप्रेम नमस्कार. आपल्या खाडीचे मुख किती रुंद आहे व ओहोटीस चालत पार होता येते काय, कृपया कळवावे." पोस्टमन वैतागला, पण उत्तरं आली. कोकणातली माणसं खाडीबद्दल विचारलं की थांबत नाहीत म्हणे.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात बाईंनी रविंद्र काकांना सुट्टी काढायला लावली. एसटीनं पुणे, पुण्याहून महाड, तिथून दापोली, मग हर्णै. दोन दिवस, तीन रात्री. काकांनी परत आल्यावर आमच्या ओट्यावर सांगितलं की आयुष्यात इतकी वळणं त्यांनी कुठल्याच कालव्याला पाहिली नाहीत. आणि समुद्र? "पाणी चिक्कार हाय," काका म्हणाले, "पर वाया चाल्लंय."

हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे. बाईंनी मासे उतरवून मोकळी झालेली एक होडी ठरवली. होडीत बाई तीनदा ओकल्या. काका काठाला धरून डोळे मिटून बसले. किल्ल्याच्या दारात बाई उतरल्या, पायरीवर बसल्या, आणि आधी तोंड धुतलं, मग पिशवीतून पातळ कागद आणि पेन्सिल काढली. पायरीवर दगडात एक कासव कोरलेलं आहे. आम्ही नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतो, तसं बाईंनी ते अख्खं कासव कागदावर उतरवून घेतलं.

परतताना त्यांनी होडीवाल्याला सहज विचारलं, हर्णेकर म्हणून एक मोठे साहेब तुमच्याकडचेच ना? होडीवाला हसायला लागला.

"तो होय? नाय ओ बाय, तो कवा चढलाय होडीत? ल्हान असल्यापासून बोट लागते त्याला. आमी पोरं किल्ल्यात जायचो, तो हितंच वाळूत आमच्या चपला राखीत बसायचा."

बाईंनी त्याला हे दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. काका म्हणतात, लग्नाला बारा वर्षं झाली, पण इतकी खूश बायको त्यांनी तेव्हाच पाहिली.

त्यानंतर बाई थांबल्या. चार पावसाळे. मधी नव्व्याण्णवच्या एक मेला आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. नवीन ऑफिसं, नवीन पाट्या, आणि नवीन खुर्च्यांवर जुनी माणसं. हर्णेकर साहेब बढती घेऊन हिंगोलीला आले. फेब्रुवारी दोन हजार एकच्या तपासणीचं पत्र आमच्या शाळेला आलं, त्यावर त्यांचीच सही.

गुरुजी पत्र घेऊन बाईंच्या वर्गाच्या दारात आले. म्हंजी बघा बाई, त्या दिवशी तुमाला थोडा ताप येऊ द्या की, असं सुचवलं.

"ताप साहेबाला येईल," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी त्र्याण्णवच्या चौथीला निरोप धाडले. बत्तिसांपैकी काही पोरींची लग्नं झाली होती, काही पोरं पुण्याला कंपनीत होती. तरी आम्ही एकोणीस जण आलो. धम्मदीप हिंगोलीला आयटीआयला होता. तो यायला तयार नव्हता. चौथीनंतर त्यानं कुठल्याच वर्गात हात वर केला नव्हता, हे मला ठाऊक होतं, कारण दहावीपर्यंत मी त्याच्या मागच्या बाकावर होते. बाईंनी त्याला दोन ओळींची चिठ्ठी पाठवली. काय लिहिलं ते त्यानं दाखवलं नाही, पण आला.

साहेब जाड झाले होते, नाक तेच होतं. मागच्या भिंतीला एवढी मोठी पोरं सतरंजीवर कशाला बसलीत, त्यांनी विचारलं. माजी विद्यार्थी, बाई म्हणाल्या. साहेबांना कौतुक वाटलं. गावातली शाळा समितीही आली होती, भिवाजी काका, सरपंच आशाबाई. वर्ग पाहून झाले, चहा झाला, गुरुजींनी शेरेबही पुढं केली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"मागल्या शेऱ्याची पूर्तता तपासल्याबिगर नवा शेरा लिहिता येत न्हाई, साहेब," बाई म्हणाल्या. "त्र्याण्णवचा शेरा. तुमचाच हाय."

साहेबांना आठवतच नव्हतं. त्यांनी पानं उलटली, वाचलं, आणि खांदे हलायला लागले. मग शिट्टी आली. पण ह्या वेळी ती एकटीच आली. सतरंजीवरचं कुणी हसलं नाही, म्हणून गुरुजीही हसले नाहीत. साहेब थांबले आणि म्हणाले, ह्याची पूर्तता कधीच झाली हो, विषय दिलेला आहे.

"शेऱ्यात तीन वाक्यं हायत. तिसऱ्याची पूर्तता झाली. दुसऱ्याची राहिली. प्रत्यक्ष ज्ञान नाही, असं लिहिलंय. तपासा."

साहेबांनी आशाबाईंकडं पाहिलं. आशाबाईंनी पदर सावरून सांगितलं की तपासायलाच आले आहात तर तपासा. तेव्हा साहेबांनी नाइलाजानं, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, सांगा बघूं मग आमच्या जिल्ह्यांतल्या खाड्या.

बाईंनी हात मागं बांधले. "उत्तरेकडून. बाणकोट, सावित्री नदी. केळशी, भारजा नदी. आंजर्ले, जोग नदी. दाभोळ, वाशिष्ठी. जयगड, शास्त्री. भाट्ये, काजळी. पूर्णगड, मुचकुंदी. जैतापूर, अर्जुना. दक्षिणेच्या हद्दीवर विजयदुर्ग. ओहोटीला कुठली चालत पार होते ते सांगू का?"

नको, साहेब म्हणाले. ते खरंच चकित झाले होते. तिथंच गप्प बसले असते तर वाचले असते. पण साहेबच ते.

"पाठांतर छान हो. पण हें पुस्तकांतलं झालं. प्रत्यक्ष म्हणजे प्रत्यक्ष."

बाईंनी ह्याच वाक्याची सात वर्षं वाट पाहिली होती, असं मला त्यांच्या मानेवरून वाटलं. मान जराशी तिरपी झाली.

"बराबर हाय. मग प्रत्यक्षच बोलू. तुमचं गाव हर्णै. म्होरं पाण्यात सुवर्णदुर्ग. त्याच्या दारात पायरीवर काय कोरलंय?"

साहेबांनी खिडकीबाहेर चिंचेकडं पाहिलं. "सिंह असणार हो."

"असणार?"

"म्हणजे सिंहच. किंवा... गंडभेरुंड."

बाईंनी पिशवीतून कागद काढला, उलगडला आणि शेरेबहीवर ठेवला. कासव. पेन्सिलीचं, करडं, पायरीवरच्या चिरेसकट. मग त्यांनी तारीख सांगितली, होडीवाल्याचं नाव सांगितलं, आणि वाळूत चपला राखत कोण बसायचं तेही सांगितलं. आवाज न चढवता, वर्गात हजेरी घ्यावी तसं.

साहेबांचे कान लाल झाले. मला बोट लागते हो, ते म्हणाले, अगदी हळू, आणि नाकातून न बोलता. भिवाजी काकांनी मिशीवरून हात फिरवला.

मग साहेबांनी पेन उचललं आणि म्हणाले की समाधानकारक असं लिहितो.

"न्हाई. मी सांगते तसं लिहा," बाई म्हणाल्या आणि चौथीला शुद्धलेखन घालतात त्या चालीवर सुरू झाल्या. "शिक्षिकेस किनारपट्टीचे प्रत्यक्ष ज्ञान आहे. पूर्णविराम."

साहेबांनी लिहिलं.

"तपासणी अधिकाऱ्यास नाही. पूर्णविराम."

पेन थांबलं. असं लिहिणं नियमांत बसत नाही, साहेब म्हणाले.

"माझं लिहिताना बसलं व्हतं."

आशाबाई म्हणाल्या, लिहा की साहेब, खरंच तर हाय. साहेबांनी समितीकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी पत्रे मोजत होते. शेवटी साहेबांनी तेही लिहिलं.

"विद्यार्थ्यांना उभे करून हसणे ही अधिकाऱ्याची चूक होती."

आता साहेबांनी पहिल्यांदा सतरंजीकडं नीट पाहिलं. एकोणीस चेहरे. आम्ही कोण ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण आधी धम्मदीप बोलला. बसल्या जागेवरून, हात वर करून.

"डायव्हरला बी बोलवा, साहेब. वाचून दाखवा त्याला."

 बाईंनी धम्मदीपकडं बघितलं आणि मग स्वतः खिडकीशी जाऊन हाक मारली. ड्रायव्हर नवा होता, नेमसिंग नावाचा. तो टोपी हातात घेऊन दारात आला, काय झालं त्याला माहीत नव्हतं. साहेबांनी तिसरं वाक्य लिहिलं. मग वही उचलून तिन्ही वाक्यं वाचली. पहिल्यांदा पुटपुटत. बाई म्हणाल्या, मागच्या बाकापातुर ऐकू आलं न्हाई. दुसऱ्यांदा मोठ्यानं.

"क्या हुआ, साब?" नेमसिंगनं विचारलं. 

सही झाली. शिक्का जीपमध्ये होता, तो नेमसिंगनंच आणून दिला. तारीख टाकायची राहिली होती, बाईंनी बोट ठेवून जागा दाखवली. साहेब जाताना पायरीवर अडखळले, तेव्हा आम्ही कुणी हसलो नाही. ते आम्ही जीप वळणाआड गेल्यावर हसलो, आणि मग जे हसलो ते चिंचेखाली पोटं धरून. मी साहेबांचा आवाज काढून तिन्ही वाक्यं सात वेळा म्हणून दाखवली. आठव्यांदा धम्मदीपनं म्हटली, आणि त्याचं नाक माझ्यापेक्षा चांगलं निघालं, हे मला अजून सहन होत नाही.

सोमवारी तातेराव गुरुजींनी भूगोलाचं पुस्तक स्वतःहून बाईंच्या टेबलावर आणून ठेवलं. म्हंजी बघा, ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच पुढं काही म्हणायची गरज पडली नाही.

लोकांना वाटलं, झालं. शनिवारी बाई हिंगोलीला गेल्या. त्या पानाच्या झेरॉक्स काढल्या, आणि साहेबांनी ज्या ज्या केंद्राच्या बैठकीत ती गोष्ट सांगितली होती त्या सगळ्या केंद्रांचे पत्ते यादीवरून पाकिटांवर लिहायला बसल्या. परभणीचेही, हिंगोलीचेही. सात वर्षांत कोण कुठं हसलं ह्याची यादी त्यांच्याकडं तारखेनिशी होती. मी तेव्हा त्यांच्या ओट्यावर मुद्दाम घुटमळत होते. रविंद्र काका दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता तरी समाधान झालं ना?"

बाईंनी पाकिटाची कड जिभेनं ओली केली, दाबून बंद केली आणि गठ्ठ्यावर ठेवली.

"टिकटं संपली," त्या म्हणाल्या. "पोस्ट बंद व्हायच्या आत अजून सात घेऊन या."